खाणी सुरू, यंत्रे कामावर. पण तपासणीची वही कोणाकडे?

डिचोली / पेडणे : पाऊस ओसरला की डिचोली तालुक्यात एक ठरलेली लगबग सुरू होते. पोकलेनवरच्या ताडपत्र्या निघतात, टिप्परच्या बॅटऱ्या चार्जिंगला लागतात, गॅरेजवाल्यांचे फोन वाजू लागतात. दसऱ्याला यंत्र धुऊन, हार घालून, नारळ फोडून पूजा होते आणि दुसऱ्या दिवसापासून ते कामावर जाते. इंजिन सुरू झाले, बूम उचलला गेला, बकेट उघडली-मिटली म्हणजे यंत्र तयार झाले असे बहुतेक ठिकाणी धरले जाते.

मात्र यंत्र चालू होणे आणि यंत्र कामाला योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाणी पुन्हा सुरू झाल्यानंतर डिचोलीत आणि विमानतळ, महामार्ग व प्लॉटची कामे वाढल्यानंतर पेडण्यात जड यंत्रांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली आहे. दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर, चंदगड भागातील ऑपरेटर आणि मालकही या कामांवर येतात. यंत्र आज खाणीच्या पीटमध्ये, महिन्याभराने पेडण्याच्या डोंगरउतारावर आणि त्यानंतर सीमेपलीकडे दोडामार्गात असू शकते. या प्रवासात त्याची नियमित तपासणी कोण करतो, तिची नोंद कुठे राहते आणि ती कोणी पाहायला मागतो का, हा प्रश्न आज महत्त्वाचा झाला आहे. कारण कायद्याने तपासणी बांधली आहे ती जागेला. यंत्राबरोबर ती फिरत नाही.

उभ्या राहिलेल्या वर्षांचा परिणाम

गोव्यातील यंत्रांची स्थिती समजून घ्यायची तर मागची बारा-तेरा वर्षे पाहावी लागतात. सप्टेंबर 2012 मध्ये शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. 21 एप्रिल 2014 च्या निकालाने वार्षिक 2 कोटी टनांच्या मर्यादेत मार्ग मोकळा झाला आणि 2015 मध्ये काम पुन्हा सुरू झाले. ते जेमतेम अडीच वर्षे टिकले. 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून पीट पुन्हा शांत झाल्या. डिसेंबर 2022 मध्ये लिलाव झाले. त्यात डिचोलीचा खाणपट्टा वेदांताकडे गेला आणि 2024 मध्ये तिथे काम सुरू झाले. 2018 च्या बंदीनंतर सुरू झालेली ती पहिली खाण.

या काळात काढून ठेवलेल्या खनिजाच्या ई-लिलावाची वाहतूक अधूनमधून होत होती, त्यामुळे काही टिप्पर फिरत राहिले. पण पीटमध्ये खोदाई करणारी बरीच यंत्रे एकतर विकली गेली, परराज्यात गेली किंवा घराशेजारी, गॅरेजमागे उभी राहिली. कर्ज काढून यंत्र घेतलेल्यांसाठी सरकारला 2014 मध्ये कर्जदिलासा योजना आणावी लागली, यावरून त्या काळातील आर्थिक ओढाताण कळते. हप्ता भरायला पैसे नसतील तर उभ्या यंत्राचे तेल बदलायला कोण पैसे घालणार?

उभे यंत्र खराब होत नाही, हा मोठा गैरसमज आहे. हायड्रॉलिक यंत्र चालवून जितके झिजते, तितकेच ते चुकीच्या पद्धतीने उभे ठेवून खराब होऊ शकते. जॅकच्या आतली रबरी सीले हालचाल नसल्याने कडक होतात. रॉड बाहेर काढलेल्या स्थितीत यंत्र उभे केले तर रॉडच्या चकचकीत क्रोमवर दमट हवेने गंजाचे ठिपके पडतात. यंत्र पुन्हा चालू केले की हेच ठिपके कानसासारखे सील कापत जातात. तेलाची टाकी अर्धी रिकामी ठेवली तर रात्री थंड झालेल्या पत्र्यावर आतून पाणी जमते आणि ते तेलात उतरते. म्हणून यंत्र कंपन्यांच्या पुस्तिकांत दीर्घकाळ उभ्या यंत्रासाठी वेगळे पान असते: जॅक शक्य तेवढे आत घ्या, उघड्या राहणाऱ्या रॉडला ग्रीस लावा, टाक्या भरलेल्या ठेवा, महिन्यातून एकदा इंजिन चालू करून तेल सगळीकडे फिरवा. सहा वर्षे उभ्या राहिलेल्या किती यंत्रांचे हे पान कोणी उघडले असेल, हे यंत्र विकत किंवा भाड्याने घेणाऱ्याने स्वतःलाच विचारावे.

लाल धूळ आणि मायक्रॉनचा खेळ

हायड्रॉलिक यंत्रणेचे तत्त्व सोपे आहे. इंजिन पंप फिरवते, पंप तेल दाबाने पुढे ढकलतो, व्हॉल्व्ह ते तेल हव्या त्या जॅककडे वळवतात आणि जॅक बूम, हात किंवा बकेट हलवतो. 20 टनी पोकलेनमध्ये हा दाब साधारण 350 बारपर्यंत जातो. चारचाकीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट! 12 सेंटीमीटर आतील व्यासाचा एक जॅक धरला, तर या दाबाने तो 40 टनांच्या आसपास जोर लावतो. म्हणून ऑपरेटरच्या दोन बोटांच्या इशाऱ्यावर दगड फुटतो.

एवढा दाब धरून ठेवायचा तर पंपातील आणि व्हॉल्व्हमधील भागांत फट अगदी बारीक असावी लागते. ती काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. या फटीत डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण शिरला तरी तो धातू खरवडतो, त्यातून नवे कण तयार होतात आणि तेच तेल पुन्हा फिरत राहते. हायड्रॉलिक यंत्रणेतील बहुतांश बिघाडांचे मूळ घाणेरड्या तेलात असते, हे या क्षेत्रातले सर्वमान्य सूत्र आहे.

डिचोली, मये, शिरगाव, पिसुर्ले भागातील लोखंडी खनिजाची धूळ आणि पेडण्याच्या पठारावरची जांभ्या दगडाची लाल माती, दोन्ही बारीक आणि खरवडणाऱ्या. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात दमट हवा असा दुहेरी मारा या भागातील यंत्रांवर असतो. टाकीवरचा ब्रीदर, म्हणजे टाकीला श्वास घ्यायला दिलेली फिल्टरची टोपी, ही किरकोळ वस्तू. ती चोंदली किंवा फुटली तर धूळ आणि दमट हवा थेट टाकीत. पण पोकलेन भाड्याने घेताना इंजिनचा आवाज ऐकणारे शंभर सापडतील, ब्रीदर पाहणारा क्वचित.

तेल भरण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. अनेक कामांवर उघड्या कॅनमधून, कालच्या डिझेलच्या नरसाळ्याने, धुळीच्या वाऱ्यात तेल ओतले जाते. महाग तेल घेऊन ते असे भरणे म्हणजे गाळलेले पाणी मळक्या हंड्यात ओतण्यासारखेच. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे, जळका वास आला तर ते तापून खराब झाले आहे, आणि फिल्टर कापून पाहिल्यावर चमकणारे कण दिसले तर आत काहीतरी झिजते आहे. या तीन खुणा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

तासांचे गणित आणि मालकाचा खिसा

यंत्राचे वय वर्षांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा हंगाम धरला, महिन्याला 25 दिवस आणि दिवसाला 8 तास काम धरले, तर एका हंगामात यंत्र साधारण 1500 तास चालते. दोन पाळ्या लावल्या तर 3000. कंपन्यांच्या वेळापत्रकात 250, 500, 1000 आणि 2000 तासांचे टप्पे असतात. म्हणजे एका पाळीतच हंगामात 250 तासांची सर्व्हिस सहा वेळा, 500 तासांची तीन वेळा आणि 1000 तासांची एकदा यायला हवी. हायड्रॉलिक तेल बदलण्याचा टप्पा मॉडेलप्रमाणे 4000 ते 5000 तासांच्या आसपास असतो. दोन पाळ्यांत चालणारे यंत्र दुसऱ्याच हंगामात तिथे पोहोचते. 20 टनी पोकलेनमध्ये 200 लिटरच्या आसपास तेल बसते, जवळपास एक बॅरल. फिल्टर आणि मजुरी वेगळी.

होजपाईपचेही तसेच. जास्त दाबाच्या होजपाईपचे आयुष्य अनेक पुस्तिकांत दोन वर्षे किंवा 4000 तास, जे आधी होईल ते, असे दिलेले असते. होजवर तिच्या उत्पादनाची तारीख छापलेली असते. पण प्रत्यक्षात होज बदलली जाते ती फुटल्यावर, आणि तीही जी फुटली तेवढीच. शेजारची, त्याच दिवशी बसवलेली, तशीच राहते.

यामागे केवळ निष्काळजीपणा आहे असे म्हणणे छोट्या मालकावर अन्याय होईल. एक-दोन यंत्रे असलेला मालक तासाच्या भाड्यावर जगतो. यंत्र चालले तर पैसे, उभे राहिले तर नाही. सर्व्हिससाठी एक दिवस थांबवायचे म्हणजे त्या दिवसाचे भाडे गेले, ऑपरेटरचा पगार अंगावर आणि हप्त्याची तारीख तीच. शिवाय ज्याने यंत्र भाड्याने घेतले तो ठेकेदार लगेच दुसरे यंत्र बोलावतो, ही भीती. त्यामुळे ‘चालतंय तोवर चालू दे’ हा हिशेब पुढे येतो.

पण हा हिशेब वहीत मांडला तर उलटा निघतो. फिल्टर आणि तेल हा ठरलेल्या तारखेचा, आधी माहीत असलेला खर्च आहे. पंप बसला तर तो खर्च कधी येईल, किती येईल आणि सुटा भाग किती दिवसांनी मिळेल, हे मालकाच्या हातात नसते. ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये, काम जोरात असताना, आठ-दहा दिवस यंत्र उभे राहिले की सर्व्हिसवर वाचवलेले सगळे एका झटक्यात जाते. आणि पंप फुटताना त्याचे धातूचे कण पूर्ण यंत्रणेत पसरतात. नुसता नवा पंप बसवून, टाकी आणि पाइप न धुता यंत्र चालू केले तर नवाही जातो.

नोंद न राहण्यामागे हिशेबाची सवय हेही एक कारण आहे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्या मालकाला आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. गाडीमागे ठरलेले उत्पन्न दाखवले की खर्चाची वेगळी बिले दाखवावी लागत नाहीत. कराच्या दृष्टीने सोय चांगलीच, पण तिचा परिणाम असा की टिप्परमालक गॅरेजचे बिल फेकून देतो. यंत्राचा इतिहासही त्याच बिलाबरोबर जातो. पुढे ते वाहन विकताना चांगली निगा राखलेल्या मालकालाही ते सिद्ध करता येत नाही आणि निगा न राखलेल्याएवढाच भाव घ्यावा लागतो.

खाणीत एक नियम, डोंगरावर दुसरा

आता मूळ प्रश्न: तपासणी कोण करतो? उत्तर यंत्र कुठे उभे आहे यावर बदलते.

यंत्र खाणीच्या हद्दीत असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम लागतात. 1952 चा खाण कायदा आणि 1961 चे धातू खाण नियम यांवर ही व्यवस्था उभी राहिली. त्यात यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून ठराविक काळाने तपासणी, तिची नोंदवही, ऑपरेटरचे प्रशिक्षण आणि अधिकृत परवानगी, आग विझवण्याची व्यवस्था, मागे येताना वाजणारा भोंगा अशा बाबी येतात. मोठ्या खाणीत यंत्र फाटकाच्या आत घेण्यापूर्वीच ते तपासले जाते. ठेकेदाराचे यंत्र असले तरी जबाबदारी खाणचालकाकडे येते.

यंत्र कारखान्याच्या आवारात असेल तर क्रेनसारख्या उचलण्याच्या यंत्रांची बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी करण्याची तरतूद 1948 च्या कारखाना कायद्यात होती.

तेच यंत्र रस्त्यावर आले की वाहतूक खात्याचा संबंध येतो, तोही मर्यादित. जेसीबीसारखी टायरवर चालणारी यंत्रे केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘बांधकाम उपकरण वाहन’ म्हणून येतात आणि नियमांच्या व्याख्येत त्यांना बिगर-वाहतूक वाहन म्हटले आहे. रस्त्यावर चालणे हे त्यांचे मुख्य काम नाही असे त्यात गृहीत धरले आहे. टिप्परसारख्या वाहतूक वाहनाला ठराविक काळाने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. बिगर-वाहतूक वाहनाची नोंदणी एकदम पंधरा वर्षांसाठी चालते. साखळीवर चालणारी पोकलेन तर ट्रेलरवर चढून जाते. ती रस्त्यावर चालतच नाही. आणि टिप्परच्या फिटनेसमध्ये ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर पाहतात. हौदा उचलणारा हायड्रॉलिक जॅक, त्याचा पंप, त्याचे पिन ही त्या तपासणीची मुख्य बाब नाही.

राहिला पेडण्यातला प्रकार. मोपचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला. महामार्ग 66 चे रुंदीकरण, मालपेकडील डोंगरकाप, विमानतळाचे जोडरस्ते आणि त्यांच्या आसपासचे प्लॉट, रिसॉर्ट, बंगले यांसाठी खोदाई सुरू असते. विमानतळ किंवा महामार्गासारख्या मोठ्या प्रकल्पात सुरक्षा अधिकारी असतो, यंत्राची कागदपत्रे मागितली जातात. पण डोंगर सपाट करून चार खोल्या बांधायच्या कामावर एक जेसीबी, एक ऑपरेटर आणि एक हेल्पर असतो. नगरनियोजन कायद्याच्या कलम 17-अ खाली डोंगरकापणीला परवानगी लागते. ती परवानगी जमीन पाहते, उतार पाहते. उतारावर चढणारे यंत्र कशा स्थितीत आहे हा तिचा विषय नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत खाण, कारखाना आणि बांधकाम हे तिन्ही जुने कायदे एकत्र आले आहेत. कागदावर ही जोडणी योग्य दिशेची आहे. पण या संहितेची सर्वसाधारण मर्यादा दहा कामगारांच्या आस्थापनेची आहे. खाणीला एक कामगार असला तरी ती लागू होते. पेडण्याच्या प्लॉटवरचे तीन माणसांचे काम मात्र या मर्यादेत बसत नाही. म्हणजे ज्या कामावर देखरेख करायला कोणीच नाही, तिथे कायदाही पोहोचत नाही.

याचा एक व्यवहारी परिणाम दिसतो. खाणीच्या फाटकावर नाकारले जाईल असे यंत्र भंगारात जात नाही. ते जिथे कोणी विचारत नाही तिथे जाते. खाणीतील नियम कडक झाले की जुनी यंत्रे बाहेरच्या कामांकडे सरकतात, आणि ती कामे घरांच्या, विजेच्या तारांच्या, शाळेच्या रस्त्यांच्या जवळ असतात.

धोका प्रथम कोणाला?

यंत्र बिघडले तर मालकाचे पैसे जातात, पण समोर ऑपरेटर आणि हेल्पर असतात. हायड्रॉलिकचे धोके बाहेरून दिसत नाहीत, म्हणून ते सांगणे गरजेचे आहे.

होजला सुईएवढे छिद्र पडले तर त्यातून निघणारी तेलाची धार जवळजवळ दिसत नाही. गळती कुठे आहे हे हाताने चाचपणाऱ्याच्या कातडीतून ती आत शिरू शकते. बाहेर टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस काम करत राहतो. आत मात्र तेल पसरून मांस सडू लागते आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा वापरावा, हात कधीच नाही. आणि असा ठिपका पडला तर मलमपट्टी करून घरी न जाता, ‘दाबाचे हायड्रॉलिक तेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गोव्यात बांबोळीचे गोमेकॉ.

दुसरा धोका उचललेल्या हौद्याखाली. टिप्परचा हौदा वर करून खाली ग्रीस मारणे, साफ करणे हे रोजचे काम. हौदा तेलाच्या दाबावर उभा असतो. सील गेले, होज सुटली किंवा केबिनमधला लिव्हर चुकून हलला तर तो खाली येतो. त्यासाठी लोखंडी टेकू दिलेला असतो. तो गंजून बसलेला किंवा काढून टाकलेला असेल तर त्या टिप्परखाली कोणीही जाऊ नये. हौदा उचलताना वरून जाणाऱ्या विजेच्या तारांकडे पाहणे हेही तितकेच गरजेचे.

तिसरा धोका आगीचा. गळणारे तेल तापलेल्या टर्बोवर किंवा सायलेन्सरवर पडले तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. इंजिनच्या कप्प्यात साचलेले तेल, धूळ आणि चिंध्या रोज साफ केल्या तर ही शक्यता बरीच कमी होते. आणि चौथा, सर्वांत साधा: काम थांबवताना बकेट जमिनीवर न टेकवता बूम हवेत ठेवून जाणे. इंजिन बंद असले तरी तेलात दाब शिल्लक असतो. बकेट टेकवा, इंजिन बंद करा, मग लिव्हर सगळ्या बाजूंना हलवून दाब सोडा. त्याशिवाय कोणतीही होज, कोणताही नट सैल करायचा नाही.

पावसाचे चार महिने

या भागाला निसर्गाने एक सोय दिली आहे, ती दुसरीकडे सहसा मिळत नाही. जून ते सप्टेंबर खोदाई आणि वाहतूक बहुतांशी थांबते. म्हणजे मालकाला भाडे न बुडवता यंत्र उघडायला चार महिने मिळतात. मोठ्या खाणींत देखभालीचे मोठे काम याच काळात उरकतात. छोट्या मालकाकडे मात्र पावसाळा म्हणजे उत्पन्न बंद. त्यामुळे खर्चाचा विषय ऑक्टोबरवर ढकलला जातो आणि ऑक्टोबरमध्ये सगळेच घाईत असतात. फिटर मिळत नाही, सील किट मिळत नाही.

हंगाम चालू असतानाच भाड्याच्या प्रत्येक तासामागे ठराविक रक्कम बाजूला काढून ती फक्त देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवणे, हा यावरचा साधा उपाय आहे. हप्त्यासाठी बँक जशी तारीख लावते, तशी ही तारीख मालकाने स्वतः लावायची. सहकारी पतसंस्था आणि ट्रकमालक संघटना यात पुढाकार घेऊ शकतात. सुटे भागही लांबून आणावे लागत नाहीत. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आहेत. चोर्ला घाटाच्या पलीकडचे हे कौशल्य आणि डिचोलीची गरज यांची गाठ पावसाळ्यातच घालता येईल.

वही यंत्राबरोबर फिरली पाहिजे

नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. तपासणी यंत्राबरोबर फिरावी यासाठी एक वही पुरते. तिच्या पहिल्या पानावर यंत्राचा क्रमांक, मॉडेल आणि उत्पादन वर्ष. पुढे तारीख, अवरमीटरवरचे तास, काय पाहिले, काय बदलले, कोणी केले आणि सही. शेवटी बिलांचे फोटो मोबाइलमध्ये. रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे:

– तेल, पाणी, डिझेल आणि हायड्रॉलिक टाकीची पातळी
– यंत्राखाली जमिनीवर नवे डाग आहेत का
– होज घासलेल्या, फुगलेल्या किंवा तडकलेल्या आहेत का
– जॅकच्या रॉडवर ओरखडे, गंज किंवा तेलाचा ओला पट्टा
– पिन, बुश आणि ग्रीस पॉइंट
– साखळीचा ताण किंवा टायर, सैल नट
– भोंगा, दिवे, आरसे, आग विझवण्याचा सिलिंडर

हे पाहणारा माणूस ऑपरेटरच असतो. म्हणून त्याने ‘आज यंत्र लावू नका’ म्हटले तर त्याचा दिवसाचा पगार कापला जाणार नाही, ही हमी मालकाने द्यायला हवी. नाहीतर वहीत रोज ‘ठीक’ एवढेच लिहिले जाईल आणि ती वही न ठेवलेली बरी.

दुसरी जबाबदारी भाड्याने घेणाऱ्याची. पेडण्यात प्लॉट सपाट करून घेणारा घरमालक असो की दोडामार्गातला काजू बागायतदार, तासाचा दर विचारतो तसे त्याने वहीचे शेवटचे पान मागावे. ग्रामपंचायती आणि पालिका आपल्या कामांच्या निविदांत ही अट घालू शकतात. त्यासाठी विधानसभेत जावे लागत नाही. डोंगरकापणीच्या परवानगीबरोबर यंत्राचा क्रमांक आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहून घेणेही प्रशासनाला अवघड नाही. डिचोली आणि पेडणे, दोन्ही तालुक्यांत सरकारी आयटीआय आहेत. डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना हायड्रॉलिक तपासणीचा थोडा काळ प्रत्यक्ष यंत्रावर दिला तर खाणीबाहेरच्या कामांसाठी तपासनीसही इथेच तयार होतील.

तिसरी बाब सीमेची. गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची वाहतूक खाती, कामगार खाती वेगवेगळी आहेत आणि राहणार. पत्रादेवी किंवा दोडामार्गच्या नाक्यावर यंत्राची कागदपत्रे पाहिली जातात ती कर आणि परवान्यासाठी. होज किती जुनी आहे हे तिथे कोणी विचारत नाही आणि विचारणे शक्यही नाही. म्हणून तिन्ही राज्यांत चालेल असा पुरावा यंत्राजवळच असायला हवा, आणि तो मालकाच्या फायद्याचा आहे. कामावर लवकर प्रवेश, विक्रीला बरा भाव आणि अपघात झालाच तर ‘आम्ही काळजी घेतली होती’ हे दाखवायला कागद.

खाणी सुरू व्हाव्यात म्हणून डिचोलीने बारा वर्षे वाट पाहिली. आता हंगाम मिळाला आहे. तो टिकण्यात न्यायालये, लिलाव आणि पर्यावरण परवाने यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यातले फारसे काही स्थानिक मालकाच्या हातात नाही. फिल्टर कधी बदलला हे लिहून ठेवणे मात्र त्याच्या हातात आहे. येत्या दसऱ्याला यंत्राला हार घालण्याआधी टाकीची टोपी उघडून तेलाचा रंग पाहावा, आणि तारीख व तास लिहून वहीचे पहिले पान सुरू करावे.